बागेतील ऋतुनोंद: वर्षभराच्या निरीक्षणाचा क्रम आणि त्यात हमखास होणाऱ्या चुका

सांगलीत आमराईत किंवा आपल्या वसाहतीजवळच्या महापालिकेच्या बागेत रोज फिरायला जाणाऱ्यांपैकी अनेकजण कधी ना कधी झाडा-पक्ष्यांच्या नोंदी ठेवू लागतात. महाराष्ट्रात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह म्हणून पाळला जातो. त्या सप्ताहात उघडलेल्या वह्या बहुधा संक्रांतीपर्यंत थंडावतात, आणि ज्या टिकतात त्यांत पुढे एक वेगळाच दोष आढळतो. निरीक्षकाची वेळ बदललेली असते, वाट बदललेली असते, कधी सोबत दुर्बीणवाला मित्र आलेला असतो, आणि वहीत मात्र ऋतू बदलल्यासारखे दिसते. वर्षाअखेर अशा वहीवरून काहीही ठामपणे सांगता येत नाही. पुढील क्रम हा दोष टाळण्यासाठी दिला आहे, त्यामुळे टप्प्यांची अदलाबदल करू नये.

टप्पा १: वाट ठरवणे

प्रथम बाग एकदा रिकाम्या हाताने, वही न उघडता, पूर्ण फिरून पाहावी. त्यानंतर अर्धा ते एक किलोमीटरची एकच वाट निश्चित करावी आणि तिच्यावर पाच-सहा थांबे ठरवावेत. थांबे निवडताना सर्वांत देखण्या जागा शोधण्याचा मोह आवरावा. एक थांबा मोठ्या जुन्या झाडाखाली, एक झुडपांच्या कडेला, एक मोकळ्या हिरवळीजवळ, एक पाण्याच्या टाकीजवळ किंवा गळक्या नळाजवळ आणि एक पालापाचोळा न झाडल्या जाणाऱ्या कोपऱ्यात असावा. हा शेवटचा कोपरा नवखे वगळतात, पण सातभाई, दयाळ, सरडे आणि पावसाळ्यातील किडे सर्वाधिक तेथेच मिळतात.

वाटेचा हाती काढलेला नकाशा वहीच्या पहिल्या पानावर असावा. त्यात थांब्यांचे क्रमांक, मोठी झाडे, दिवे, पाण्याचे नळ आणि विजेच्या तारा दाखवाव्यात. दिवे, नळ आणि तारा यांचे कारण पुढील टप्प्यात येईल.

पडताळणी: ठरवलेली वाट थांब्यांसह पाऊण तासात पूर्ण होत नसेल, तर ती लांब आहे. थांबे कमी करावेत. पाऊस, परीक्षा, पाहुणे अशा कोणत्याही आठवड्यात जी फेरी होऊ शकेल, तीच वर्षभर टिकते.

टप्पा २: झाडे निवडणे

पाच ते सात झाडे पुरेशी आहेत. ओळखीबद्दल शंका असलेले झाड पहिल्या वर्षी घेऊ नये. सांगलीच्या हवामानात पिंपळ, कडुनिंब, करंज, बहावा आणि आंबा ही झाडे नोंदीला सोयीची आहेत, कारण त्यांतील बदल ठळक असून ते वेगवेगळ्या महिन्यांत होतात. पावसाळ्यानंतरच्या नोंदीसाठी सप्तपर्णी किंवा बुच यांपैकी एक घ्यावे. दोन्ही साधारण ऑक्टोबरपासून फुलतात, आणि सप्तपर्णीचा उग्र वास संध्याकाळनंतर इतका पसरतो की फूल दिसण्याआधी नोंद नाकानेच होते.

किमान एका जातीची दोन झाडे घ्यावीत, आणि ती शक्यतो पिंपळाची असावीत. शेजारशेजारच्या दोन पिंपळांची पानगळ काही आठवड्यांच्या अंतराने होऊ शकते. एकच पिंपळ पाहणारा माणूस त्याच्या स्वभावालाच ऋतू समजून बसतो.

झाड ठरवल्यावर साडेचार फूट उंचीवर दोरी गुंडाळून खोडाचा घेर मोजावा आणि तो क्रमांकासह लिहावा. खूण म्हणून खिळा ठोकू नये, रंग लावू नये. नकाशावरील क्रमांक आणि घेर यांवरून झाड पुन्हा बिनचूक सापडते.

सावधान: झाड निवडण्यापूर्वी त्याच्यावर माणसाचा हात किती फिरतो ते पाहावे. पावसाळ्यापूर्वी तारांखालील फांद्या छाटल्या जातात, आणि छाटलेले झाड ऋतू कोणताही असो, नवी पालवी फोडते. हिरवळीवर रोज पाणी सोडले जाते तेथील झाड भर उन्हाळ्यातही कोरड्या कोपऱ्यातील झाडापेक्षा निराळे वागते. दिव्याच्या खांबाला लागून असलेली फांदीही संशयास्पद मानावी. अशी झाडे घ्यायचीच असतील, तर छाटणी आणि पाणी यांची तारीखवार नोंद ठेवावी.

टप्पा ३: साहित्य

बांधीव वही, शिसपेन्सिल, घड्याळ आणि जमल्यास दुर्बीण, इतकेच. शाईचे पेन जूनच्या पहिल्या सरीतच दगा देते. सुट्या कागदांवरील नोंदी हरवतात, आणि ‘नंतर उतरवून घेऊ’ म्हणून मोबाइलवर बोलून ठेवलेल्या नोंदी क्वचितच उतरवल्या जातात.

दुर्बीण ८×४० किंवा ८×४२ असावी. पहिला आकडा वस्तू किती पट जवळ दिसते ते सांगतो, दुसरा पुढील भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. जास्त पटीची दुर्बीण घेण्याची हौस बागेत महागात पडते, कारण हाताचा कंपही त्याच पटीने वाढतो आणि दृष्टिक्षेत्र अरुंद होते. ती वापरण्यापूर्वी उजव्या बाजूचे भिंग झाकून मधल्या चाकाने डाव्या डोळ्याची स्पष्टता साधावी, मग डावे भिंग झाकून उजव्या डोळ्याजवळची कडी फिरवावी. हे एकदाच करायचे असते, पण न केल्यामुळे कित्येकजण वर्षानुवर्षे अर्धवट धूसर पाहत राहतात. पक्षी दिसल्यावर नजर त्याच्यावरून न हलवता दुर्बीण डोळ्यांशी आणावी. आधी दुर्बीण लावून मग पक्षी शोधू लागले, तर तोवर तो उडालेला असतो.

टप्पा ४: वेळ घड्याळाशी नव्हे, सूर्योदयाशी बांधणे

या टप्प्यावर सर्वाधिक नोंदी बिघडतात. ‘मी रोज सात वाजताच जातो’ असे अभिमानाने सांगितले जाते, पण सांगलीत जूनच्या सुरुवातीला सूर्य सहाच्या सुमारास उगवतो आणि जानेवारीत सातच्या सुमारास. म्हणजे सातची फेरी जूनमध्ये उन्हे वर आल्यावर आणि जानेवारीत झुंजूमुंजू होताना पडते. पक्ष्यांचा आवाज पहाटे सर्वाधिक असतो आणि ऊन चढेल तसा कमी होतो. त्यामुळे अशा वहीत जानेवारीत बाग गजबजलेली आणि जूनमध्ये सुस्त दिसते, आणि त्या फरकात ऋतूचा वाटा किती व घड्याळाचा किती हे कुणालाच सांगता येत नाही.

म्हणून फेरी सूर्योदयानंतर अर्ध्या तासाने सुरू करावी आणि वर्षभर हेच अंतर ठेवावे. दिनदर्शिकेत सूर्योदयाची वेळ छापलेली असते. महिन्याच्या १ आणि १५ तारखेला ती पाहून आपली वेळ पुढेमागे सरकवली, तरी पुरते. बागेचे फाटक त्या वेळी उघडत नसेल, तर सर्व ऋतूंत शक्य होईल असे वेगळे अंतर निवडावे, उदाहरणार्थ सूर्योदयानंतर दीड तास.

आठवड्यातून एक ठरलेला वार पुरेसा आहे. तो रविवार असू नये, कारण त्या दिवशीची गर्दी, क्रिकेट आणि वाढदिवसाचे ध्वनिक्षेपक यांचा परिणाम नोंदीत उतरतो. मात्र फेब्रुवारी ते एप्रिल आणि पहिल्या पावसानंतरचा पंधरवडा या काळात आठवड्यातून दोन फेऱ्या कराव्यात. पिंपळाची पालवी तांबूस झळकून हिरवी होईपर्यंतचा सगळा प्रवास फार थोड्या दिवसांत उरकतो.

टप्पा ५: फेरीतील क्रम

फेरी सुरू करण्यापूर्वी फाटकाजवळ उभे राहून पानाचा मथळा भरावा: तारीख, सुरुवातीची वेळ, आकाश, वारा, मागील पाऊस कधी झाला, सोबत कोण आहे, बागेत काही विशेष गडबड आहे का. मथळा नंतर भरायचा ठेवला की तो राहतोच.

प्रत्येक थांब्यावर पाच मिनिटे थांबावे. पहिली दोन मिनिटे न हलता फक्त ऐकावे. मग लांबचे पक्षी, त्यानंतर झाडाचा शेंडा, मग खोड आणि ढोली, आणि सर्वांत शेवटी वाकून जमीन पाहावी. हा क्रम उलटा केला, म्हणजे पोहोचताच पालापाचोळा उकरायला घेतला, तर तेथे टिपत असलेले पक्षी पहिल्याच मिनिटाला निघून जातात.

खारीकडे दुर्लक्ष करू नये. ती एका जागी चिकटून, शेपटी उडवत सलग ओरडत असेल, तर आसपास मांजर, साप किंवा शिक्रा असण्याची शक्यता असते. तिची नजर ज्या दिशेला आहे तिकडे पाहावे. मात्र नोंद करताना ‘शिक्रा आला असावा’ असे लिहू नये. ‘खार ओरडत होती, कारण दिसले नाही’ इतकेच लिहावे.

सावधान: मोबाइलवर पक्ष्यांचे ध्वनिमुद्रित आवाज लावून त्यांना बोलावू नये. आपल्या हद्दीत दुसरा नर आल्याचे समजून पक्षी चवताळतो, घरटे सोडून धावतो, आणि नोंदही खोटी होते. घरट्याजवळ थांबा ठेवू नये आणि फांद्या बाजूला सारून छायाचित्र घेऊ नये. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ ने संरक्षण दिलेल्या पक्ष्यांची घरटी व अंडी यांना हात लावणे हा गुन्हा आहे. उंच फांदीला आग्या माशांचे पोळे लोंबत असेल, तर तो थांबा त्या ऋतूपुरता बंद ठेवून तसे लिहावे.

टप्पा ६: झाडाची नोंद

‘पिंपळाला नवी पाने आली’ हे वाक्य निरुपयोगी आहे. किती आली, जुनी किती उरली, हे त्यातून कळत नाही. प्रत्येक झाडासाठी ठरलेल्या बाबी दर फेरीला भराव्यात: कोवळी पाने, जून पाने, पिकली पाने, कळ्या, उमललेली फुले, कच्ची फळे, पिकलेली फळे. प्रत्येकीपुढे तीनपैकी एक शब्द लिहावा: ‘नाही’, ‘थोडी’ (झाडाच्या सुमारे एक तृतीयांशापर्यंत) किंवा ‘बरीच’ (त्याहून अधिक). टक्केवारी लिहू नये. खालून पाहून ३५ की ४० हे कोणालाच सांगता येत नाही, आणि आकडा लिहिला की तो खरा वाटू लागतो.

योग्य नोंद अशी दिसेल: ‘झाड १, पिंपळ. पिकली पाने थोडी, जून पाने नाहीत, कोवळी तांबूस पाने बरीच. दक्षिणेकडची मोठी फांदी अजून निष्पर्ण. फळे नाहीत.’

‘नाही’ हा शब्द लिहिणे सर्वांत महत्त्वाचे आहे. रिकामी जागा म्हणजे नव्हते की पाहिले नाही, हे वर्षभराने स्वतःलाही आठवत नाही.

नेहमीच्या चुका झाडागणिक वेगळ्या आहेत. वड, पिंपळ आणि उंबर यांची फुले फळासारख्या दिसणाऱ्या गोळ्याच्या आत असतात, त्यामुळे त्यांच्यापुढे फुलांची बाब कायमची गाळावी, म्हणजे ‘यंदा पिंपळ फुललाच नाही’ असली नोंद होणार नाही. करंजाच्या पानांवर अतिसूक्ष्म कोळ्यांमुळे बोटासारख्या उभ्या गाठी येतात. नवखे त्यांना कळ्या किंवा कोवळी फळे समजतात. पान उलटसुलट करून पाहिले की गाठ पानातूनच फुगून आलेली दिसते, तर खरी शेंग देठाने लोंबते आणि चपटी असते. बहाव्याची शेंग पिकायला बहुतेक वर्ष लागते, म्हणून एप्रिल-मेमध्ये पिवळ्या घोसांच्या शेजारी मागील वर्षीच्या काळ्या लांब शेंगा लटकलेल्या असतात. त्यांना ‘मागील वर्षीची फळे’ असे वेगळे लिहावे. गुलमोहराच्या लाकडासारख्या शेंगांनाही हेच लागू आहे.

पडताळणी: आजची नोंद लिहून झाल्यावरच मागील फेरीचे पान उघडावे. आधी उघडले, तर डोळे मागच्या नोंदीप्रमाणेच पाहतात.

टप्पा ७: पक्षी आला, की बोलू लागला?

पक्ष्यांच्या बाबतीत ‘दिसला’ आणि ‘ऐकला’ असे दोन वेगळे रकाने ठेवणे अत्यावश्यक आहे. कोकीळ उन्हाळ्यात येतो, हा समज याच रकान्यांच्या अभावी टिकला आहे. तो वर्षभर येथेच असतो, पण थंडीत जवळजवळ गप्प असतो, आणि मार्चच्या सुमारास नराचा आवाज चढू लागला की सर्वांच्या लक्षात येतो. तपकिरी अंगावर पांढरे ठिपके असलेली मादी तर अनेकांच्या वहीत ‘अनोळखी पक्षी’ म्हणून नोंदलेली असते. दयाळही बारमाही असून त्याचे सलग गाणे उन्हाळ्यात ऐकू येते. तांबटाचा ठोक्यासारखा ‘टुक टुक’ आवाज ऊन तापू लागले की वाढतो, पण हिवाळ्यातही शेंड्यावर तो गुपचूप बसलेला सापडू शकतो.

खरोखर ये-जा करणारे पक्षी वेगळे. भोरड्या (गुलाबी मैना) पावसाळा ओसरताना येऊ लागतात, शाळवाच्या हंगामात शेतकऱ्याला त्यांची वेगळी ओळख सांगावी लागत नाही, आणि पांगारा, पळस, काटेसावर फुलली की त्या मधासाठी झाडावर लोटतात. एप्रिल सरता सरता त्या निघून जातात. चातक पावसाच्या तोंडावर येतो. धोबी हिवाळ्यात येतो, पण येथे कृष्णाकाठच्या निरीक्षकाची हमखास फसगत होते. घाटांवर बारमाही राहणारा एक मोठा धोबी आहे, त्याचा माथा काळा आणि भुवई ठळक पांढरी असते. त्याला पाहून सप्टेंबरात ‘धोबी आला’ असे लिहिले जाते. पाहुण्या पांढऱ्या धोब्याचे कपाळ आणि चेहरा पांढरा असतो. चेहरा नीट दिसला नसेल, तर ‘धोबी, जात अनिश्चित’ असे लिहावे.

थव्याची मोजणी करताना प्रथम दहा पक्षी मोजून तेवढा पुंजका डोळ्यांत बसवावा आणि असे किती पुंजके होतात ते पाहावे. ‘हजारो भोरड्या’ हा शब्द गप्पांसाठी ठीक आहे.

पडताळणी: ओळखीसाठी मर्लिनसारखे आवाज ओळखणारे ॲप वापरल्यास त्याने सुचवलेले नाव पुरावा मानू नये. पक्षी स्वतः पाहिला किंवा आवाज स्वतःला पक्का ठाऊक असेल, तरच नोंद करावी.

टप्पा ८: पहिल्या पावसाचा पंधरवडा

या काळात सकाळच्या फेरीशिवाय पाऊस थांबल्यावर जमेल तेव्हा एक जादा चक्कर मारावी, पण ती ‘जादा फेरी’ असे लिहून वेगळ्या पानावर ठेवावी. नेहमीच्या फेऱ्यांत ती मिसळली, तर जूनमध्ये सगळेच वाढल्याचा भास होईल.

एप्रिल-मेमधील वळीव आणि मोसमी पाऊस यांची नोंद स्वतंत्र करावी. चांगली सर पडून गेल्यावर वारुळातून पंख फुटलेली वाळवी उसळते आणि कावळे, वेडे राघू, घारी तिच्यावर तुटून पडतात. हा प्रकार बऱ्याचदा तासाभरात आटोपतो. म्हणून वेळ मिनिटांसह लिहावी आणि पाऊस थांबून किती वेळ झाला तेही लिहावे. मृग नक्षत्र ७-८ जूनच्या सुमारास लागते. त्या दिवसांत ओल्या मातीवर मृगाचा मखमली लाल किडा दिसतो. काडेपेटीत भरून नेण्याची जुनी सवय सोडून त्याचे पाय मोजावेत, ते आठ भरतात, कारण तो कोळ्यांच्या नात्यातला आहे. टाकळ्याचे पहिले रोप कधी उगवले हेही लिहून ठेवावे. पुढे त्याच टाकळ्यावर आणि बहाव्याच्या कोवळ्या पानांवर फिकट पिवळी फुलपाखरे अंडी घालायला येतात, आणि दोन तारखांमधील अंतर हीच मोलाची नोंद ठरते.

सावधान: पावसाळ्यात उंच गवतात पाय घालू नये आणि दगड उलटू नयेत. २०१९ आणि २०२१ प्रमाणे कृष्णेला पूर आला, तर पाणी ओसरल्यानंतरही बागेतील कट्ट्यांवर, ढोल्यांत आणि साचलेल्या कचऱ्यात साप आश्रयाला असू शकतात. अशा आठवड्यांत फेरी रद्द करून ‘पूर, फेरी नाही’ असे लिहावे. खोडावरील पाण्याची रेघ पुढे केव्हाही मोजता येते.

टप्पा ९: घरी आल्यावर

त्याच दिवशी नोंद पुन्हा वाचून फक्त अस्पष्ट अक्षर सुधारावे. आठवणीतून नवी माहिती घालायची झाल्यास ती वेगळ्या रंगाने लिहावी. पानांची मोबाइलवर छायाचित्रे काढून ठेवावीत.

नोंदी इतरांच्या उपयोगी पडाव्यात असे वाटत असेल, तर पक्ष्यांसाठी ई-बर्ड आणि झाडांसाठी सीझनवॉच हे उपक्रम आहेत. ई-बर्डवर ओळखता आलेले सर्व पक्षी नोंदवले का, असा प्रश्न असतो. केवळ आवडते पक्षी भरून त्याला ‘होय’ म्हणू नये. सीझनवॉचवर तेच झाड पुन्हा पुन्हा पाहणे अपेक्षित असते, त्यामुळे दुसऱ्या टप्प्यात निवडलेली झाडे तेथे जशीच्या तशी चालतात.

टप्पा १०: वर्षाअखेरचा ताळा

मोठ्या कागदावर आडवे ५२ आठवडे आणि उभी झाडांची व पक्ष्यांची नावे घेऊन रंगीत पेन्सिलीने पट्टे भरावेत. फेरी चुकलेले आठवडे रेघा मारून झाकावेत, पांढरे सोडू नयेत.

‘पहिली तारीख’ काढताना घाई करू नये. १२ मार्चच्या फेरीत बहाव्याला कळ्या नव्हत्या आणि १९ मार्चला होत्या, तर कळ्या १९ मार्चला आल्या असे म्हणता येत नाही. त्या या दोन तारखांच्या दरम्यान आल्या. फेरी चुकली असेल, तर ते अंतर आणखी वाढते. पुढील वर्षी कळ्या २२ मार्चच्या फेरीत प्रथम दिसल्या, तरी बहावा उशिरा फुलला असे लगेच लिहू नये. दोन्ही वर्षांची ‘नाही’ आणि ‘आहे’ यांमधील अंतरे शेजारी ठेवावीत, ती एकमेकांवर पडत असतील तर फरक सिद्ध होत नाही. त्यानंतर त्या झाडापुढे छाटणी, पाणी किंवा पूर यांची नोंद आहे का ते तपासावे, आणि मगच पावसाकडे किंवा उन्हाकडे बोट दाखवावे.

दुसऱ्या वर्षी वही नवी घ्यावी, झाडांचे आणि थांब्यांचे क्रमांक मात्र जुनेच ठेवावेत. एखादे झाड वादळात पडले किंवा तोडले गेले, तर तारीख लिहून त्याचा क्रमांक बंद करावा आणि तो दुसऱ्या झाडाला देऊ नये.